आरंभीची चित्रपोस्टकार्डे : मुद्रणतंत्र आणि पुराव्याचे मूल्य

वसाहतकालीन नगरांच्या इतिहासलेखनात चित्रपोस्टकार्डांचा पुरावा म्हणून वापर आता रूढ झाला आहे. परंतु बहुतेक विवेचनांत कार्डावरील दृश्याचाच विचार होतो. ते दृश्य कागदावर कोणत्या तंत्राने उतरले याची नोंद क्वचितच घेतली जाते. ही उणीव केवळ तपशिलाची नाही. तंत्र बदलले की कार्डाच्या साक्षीचे मोलही बदलते.

१९१४ पूर्वीच्या चित्रपोस्टकार्डांचा मोठा हिस्सा जर्मनीत छापला जाई. लंडनची राफाएल टक अँड सन्स ही प्रतिष्ठित संस्थाही आपली अनेक कार्डे सॅक्सनीत छापून घेई व तसा उल्लेख कार्डाच्या मागील बाजूस करी. जर्मन छापखान्यांचे एक प्रमुख तंत्र कोलोटाइप हे होते. डायक्रोमेटयुक्त जिलेटिनचा थर दिलेल्या काचेवर निगेटिव्हमधून प्रकाश पाडीत. प्रकाश लागलेले जिलेटिन कठीण होऊन शाई धरी. उरलेला भाग ओलावा धरून शाई झिडकारी. त्यामुळे छायाप्रकाशाच्या छटा अखंड उतरत आणि भिंगाखाली हाफटोनचे ठिपके आढळत नाहीत. निगेटिव्हवरील हातकाम वगळता, असे एकरंगी कार्ड वास्तूचा किंवा दुकानाच्या पाटीचा तपशील पडताळण्यास बरेच विश्वसनीय ठरते.

रंगीत कार्डाची गोष्ट निराळी. झुरिचच्या ओरेल फ्युस्ली या संस्थेत हान्स याकोब श्मिड याने १८८० च्या दशकात विकसित केलेल्या फोटोक्रोम तंत्रात मूळ छायाचित्र कृष्णधवलच असे. प्रत्येक रंगछटेसाठी प्रकाशसंवेदी अस्फाल्टचा लेप दिलेली स्वतंत्र शिला लागे. अशा शिला किमान सहा, पुष्कळदा दहा ते पंधरा असत. कोणती छटा कोठे द्यावयाची हे कारागीर ठरवी, आणि ते स्थळ त्याने पाहिलेले असेलच असे नाही. म्हणून अशा कार्डांवरून 'पौर्वात्य रंगवैभवा'विषयी काढलेले निष्कर्ष वस्तुतः युरोपीय कार्यशाळेच्या अभिरुचीविषयीचे असतात. अभ्यासकांनी हा भेद केला नाही तर छापखान्याची कल्पना इतिहास म्हणून उद्धृत होत राहते.

याउलट, तंत्र जर्मन म्हणून दृष्टीही परकी, असे सरसकट म्हणणेही उतावीळपणाचे होय. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला व पुढे मळवलीस हलविलेला रविवर्मा प्रेस जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर याच्या मालकीचा झाला. शिला व कौशल्य तेथेही जर्मनच. मात्र बहुरंगी शिलामुद्रणासाठी समोर असे ते मुळातच रंगीत असलेले चित्र. राजा रविवर्म्याचे मूळ तैलचित्र जेथे उपलब्ध आहे तेथे कारागिराने रंगात किती फेरफार केला हे ताडून पाहता येते. रंगविलेल्या छायाचित्राला असे मूळच नाही.

रंगाविषयीच्या सूचनांचा पत्रव्यवहार हाती आला असता तर ही अडचण काहीशी कमी झाली असती. पण टक यांचे लंडनमधील मुख्यालय डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले व त्यासोबत दप्तरही गेले. त्यांच्या कार्डांबाबत आता भिंग हेच पहिले साधन उरते.