राजाची यादी

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी येशू अखेरच्या न्यायाचं चित्र उभं करतो. सिंहासनावर राजा बसला आहे, समोर सगळी राष्ट्रं जमली आहेत आणि निवाड्यासाठी एक छोटी यादी आहे: भूक, तहान, परकेपण, उघडेपण, आजार, तुरुंग. सोळा वचनांच्या या उताऱ्यात ती यादी चार वेळा येते. एकदा सांगून भागलं असतं, पण या उताऱ्याचं सगळं सामर्थ्य त्या पुनरुक्तीतच आहे.

चारही वेळा यादी सारखी येत नाही. राजा या गरजा स्वतःच्या म्हणून सांगतो. ज्यांनी गरजूंना दिलं ते त्याच्या उजवीकडचे लोक विचारतात की, आम्ही तुला असा कधी पाहिला? तेव्हा ते गरजा दोन-दोन करत, थांबत थांबत आठवतात आणि प्रत्येक गरजेपुढे काय दिलं तेही सांगतात. ज्यांनी दिलं नाही ते डावीकडचेही तोच प्रश्न विचारतात, पण साऱ्या गरजा एका दमात उरकून. ज्यांनी दिलं, त्यांना प्रत्येक माणूस वेगळा दिसला होता. ज्यांनी दिलं नाही, त्यांच्या तोंडी सहाही माणसं एका वाक्यात कोंबली जातात. गरिबांविषयी आपण कसे बोलतो, एकेकाबद्दल की घाऊक, यावरून आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते कळतं. मला या उताऱ्यातली ही सर्वांत धारदार जागा वाटते.

निवाड्याच्या आधी राजा मेंढपाळासारखी मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो. इस्लामपूरच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. वाळवा तालुक्यातल्या रानांतून धनगरांचे कळप जातात, त्यांत काळी मेंढरं आणि शेरडं एकत्र चालतात. लांबून सगळा कळप एकच दिसतो. या दृष्टांतातही दोन्ही बाजूंची माणसं आयुष्यभर एकाच वाटेनं चालली आहेत. डावीकडच्यांवर चोरीचा, खुनाचा, खोट्या साक्षीचा कसलाच आरोप नाही. त्यांनी काही केलं नाही, एवढाच त्यांचा दोष. कुणाच्या प्रार्थना किती झाल्या, हेही राजा विचारत नाही.

आता क्रियापदं बघा. खायला दिलं, प्यायला दिलं, घरात घेतलं, अंगावर वस्त्र घातलं, समाचाराला आलात, भेटायला आलात. आजाऱ्याला बरं केलं की कैद्याला सोडवलं, हे राजा विचारत नाही. कैदी निर्दोष होता का, भुकेला आळशी होता का, ही चौकशीही नाही. भाकरीचा चतकोर ज्याच्या घरी आहे, त्यालाही ही यादी पेलते. म्हणूनच तिच्यापुढे कुणाला सबब सांगता येत नाही.

आणि राजा म्हणतो की ती भूक माझी होती. मत्तयाचं पुस्तक मागे-पुढे चाळलं की हा नुसता अलंकार नाही, हे लक्षात येतं. हाच येशू तान्हेपणी हेरोदाच्या भीतीनं मिसरात परका होऊन राहिला, रानात चाळीस दिवस उपाशी राहिला. पुढच्या दोन अध्यायांत तो धरला जातो, शिष्य पळून जातात, शिपाई त्याची वस्त्रं काढून घेतात. यादी सांगणारा स्वतः त्या यादीतून आलेला आहे आणि पुन्हा तिच्यातच निघाला आहे.

राजा ज्यांना आपले लहान भाऊ म्हणतो ते फक्त येशूचे शिष्य, असं काही अभ्यासक मानतात. त्या मताला मत्तयातच आधार आहे, हे मान्य करायला हवं. तरीही मला तो अर्थ अपुरा वाटतो. उजवीकडच्यांना तर आपण कुणाला दिलं हेच ठाऊक नव्हतं. शिष्य ओळखून त्यांनी दिलं असतं तर त्यांचं आश्चर्य पोकळ ठरलं असतं. त्यांनी दिलं ते समोरचा भुकेला होता म्हणून.

महाराष्ट्रात या यादीचं मोठं वाचन केडगावला झालं. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती उभी केली, विणकाम आणि छपाई शिकवली. मुलींची भूक खरी मानली, म्हणून ती पुन्हा येऊ नये याची तजवीज झाली. इकडे मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं. समाचाराला येणं म्हणजे किती दूरवर जाणं, ते या दोघांनी दाखवलं.

इस्लामपूरच्या आसपास आज ऊस आहे, साखर आहे, पैसा आहे. हंगाम सुरू झाला की बीडकडून, आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या जतकडून ऊसतोड मजूर येतात. मुकादमाची उचल अंगावर असते, पोरांची शाळा सुटलेली असते. फडाजवळच्या कोपीत पाण्यापासून अडचण असते. बाई आजारी पडली तर खाडा धरला जातो. राजाच्या यादीतलं परकेपण, तहान, आजार, सगळं एका कोपीत सापडतं. माझी इथल्या ख्रिस्ती मंडळीला विनंती आहे की, गळीत हंगामाच्या पहिल्या रविवारी हा उतारा उपासनेत वाचावा. मग फडावर जावं, एका कुटुंबाची नावानं ओळख करून घ्यावी आणि त्यांना काय हवं ते त्यांनाच विचारावं.