ढोलताशाची घडण आणि अवघडपणा

कलेच्या प्रांतांत एखादी गोष्ट लोकप्रिय झाली कीं तिचे चाहते आधीं निर्माण होतात आणि टीकाकार मागाहून येतात. ढोलताशा-पथकांच्या बाबतींत तर टीकाकार अद्याप आलेच नाहींत, असें म्हणावयास हरकत नाहीं. वृत्तपत्रांत पथकांचीं छायाचित्रें येतात, ढोलांची संख्या येते, आवाजाविषयींच्या तक्रारी येतात. परंतु वादन कसें झालें, याविषयीं क्वचितच एखादी ओळ येते. तो विचार होतो रस्त्याच्या कडेला, आगगाडीच्या डब्यांत आणि सरावाच्या मैदानाबाहेर. आणि तो करणारे रसिक आपण समजतों तितके अजाण नसतात.

गुढीपाडव्याच्या एका सकाळीं अंबरनाथ येथें शोभायात्रा पाहात उभा असतां शेजारच्या दोघांचें बोलणें कानीं पडलें. एक साठी उलटलेले गृहस्थ होते. दुसरा, कांहीं वर्षें ताशा वाजवून आतां नोकरीस लागलेला तरुण. तरुण म्हणाला, "काका, या मंडळींनीं बसवलंय छान, पण त्यांत अवघड असं कांहींच नाहीं. आमच्या वेळीं ताशावाल्याचे हात दिसत नसत." गृहस्थ म्हणाले, "अरे बाबा, हात दिसत नव्हते हें खरं. पण मला ऐकूंही कांहीं येत नव्हतं!" मिरवणूक पुढें गेली, वाद मात्र तेथेंच राहिला. वादनांत महत्त्व कशाचें, रचनेच्या घडणीचें कीं हाताच्या अवघड कामाचें, हा तो वाद होय. दोन्ही पक्षांचें कोठें बरोबर आहे व कोठें चुकतें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ सालीं लोकमान्य टिळकांनीं जें चालन दिलें, त्याबरोबर मिरवणुकीच्या वाद्यांसही प्रतिष्ठा आली. पुढें पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांच्या पथकांनीं विद्यार्थ्यांच्या शिस्तबद्ध वादनाची रीत रूढ केली. इकडे डोंबिवलींत १९९९ पासून नववर्ष-स्वागतयात्रा निघूं लागली आणि तिचें लोण आजूबाजूच्या गांवांत पसरलें. कल्याणच्या पुढें कर्जतच्या वाटेवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें ओळीनें लागतात. येथील मुलें-मुली दिवसा मुंबईकडे शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं जातात, संध्याकाळीं गर्दींत उभ्यानें परततात, आणि भाद्रपदापूर्वींच्या कित्येक रात्री कमरेला ढोल बांधून सराव करतात. त्यांच्या या कष्टांतून त्यांना काय मिळतें, हें आपण टाळी कशाला देतों यावर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. म्हणून हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाहीं.

पथकाची मांडणी वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेली असेलच. ढोल हा एका बाजूस टिपरूनें व दुसऱ्या बाजूस हाताच्या थापीनें वाजतो. ताशा लहान, उथळ आणि तीक्ष्ण आवाजाचा. दोन बारीक काड्यांनीं तो वाजवतात. टोलाची धातूची तबकडी मात्रेचा पहारा करते. झांजा आणि ध्वज हे तिचे सोबती. पथकाचें डोकें ताशांत असतें आणि छाती ढोलांत. ताशा बोलतो, ढोल त्याला होकार देतो. ताशाची तर्री रंगली कीं ऐकणाराचें चित्त तिच्याकडे ओढलें जातें आणि ढोलाचा ठोका केव्हां पडतो याची तो वाट पाहूं लागतो. ही वाट पाहावयास लावणें हेंच या कलेचें मर्म होय.

आतां अवघडपणाचा विचार करूं. आपले रसिक या एकाच शब्दाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी घालतात: वेग, संख्या आणि गुंतागुंत.

वेगाविषयींचा समज बहुधा उलटा आहे. जलद लयींत ठोके इतके जवळ येतात कीं एखादा हात मागें-पुढें पडला तरी तो गर्दींत लपतो. विलंबित लयींत दोन ठोक्यांमध्यें रिकामी जागा राहते, आणि त्या जागेंत प्रत्येक चूक उघडी पडते. चाळीस ढोल एका ठोक्यावर यावेत, मग सर्वत्र शांतता व्हावी, आणि पुढचा ठोका पुन्हां एकच यावा, हें ज्यांनीं करून पाहिलें असेल त्यांना त्यांतली कठीणता सांगावी लागणार नाहीं. सर्वांत कठीण तें एकदम थांबणें. पण त्याला टाळी मिळत नाहीं. कारण तेथें पाहण्यासारखें कांहीं घडलेलें नसतें.

संख्येची गोष्ट याहून विलक्षण आहे. पन्नास ढोल दोन रांगांत उभे केले तर एक रांग पंचवीस माणसांची होते. दर दोन वादकांत दीड मीटर अंतर धरलें तर रांगेची लांबी सुमारें ३५ मीटर होईल. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलाला एक दशांश सेकंद उशिरां ऐकूं येतो. सेकंदाला पांच ठोके पडत असतील तर दोन ठोक्यांमधलें अंतरच दोन दशांश सेकंदाचें. शेवटचा वादक केवळ कानावर विसंबला तर तो बरोबर अर्ध्या ठोक्यानें मागें पडेल. आणि दोष त्याचा नसून हवेचा असेल! म्हणूनच जाणतीं पथकें प्रमुखाच्या उंचावलेल्या हाताकडे नजर ठेवावयास शिकवतात. म्हणजे ढोल वाढवले कीं केवळ आवाज वाढत नाहीं, एकजीव राहण्याचें कामही वाढतें. आणि तें काम ज्यांनीं केलें नाहीं त्यांची संख्या हें बळ नसून ओझें असतें.

२०२४ च्या ऑगस्टांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें पुण्याच्या गणेशोत्सवांतील पथकांस ३० जणांची मर्यादा घातली आणि सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तिला स्थगिती दिली. त्या वेळीं कायद्याच्या, परंपरेच्या आणि शेजाऱ्यांच्या कानांच्या बाजूनें पुष्कळ बोलणें झालें, आणि तें सर्व आवश्यकच होतें. परंतु संगीताच्या दृष्टीनें किती ढोल पुरेत, हा प्रश्न त्या गदारोळांत मागेंच राहिला. वास्तविक तो प्रश्न पथकांनींच प्रथम विचारावयास हवा.

तिसरी गुंतागुंत. ताशावाला तर्रींत नव्या भरी घालतो, एका ठेक्यांतून दुसऱ्यांत शिरतो, वजन उलटें टाकतो. हें खरें कौशल्य आहे आणि त्या तरुणाची तक्रार येथें न्याय्य ठरते. ज्या पथकांत अवघड कांहींच नसतें तें दुसऱ्या वर्षीं शिळें होतें. वादकाचा हात वाढत नाहीं आणि ऐकणाराचा कानही वाढत नाहीं. शिवाय घडणीच्या नांवाखालीं कित्येक ठिकाणीं ध्वजांचे खेळ, मनोरे आणि धांवपळ इतकी वाढते कीं वादन त्या खेळाचें पार्श्वसंगीत होऊन बसतें. तें पाहून जुन्या वादकाचा जीव कळवळला तर त्यांत नवल नाहीं.

हाच झगडा सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेंत गेलीं कित्येक वर्षें चालूं आहे. तेथें तरुणांचीं पितळी वाद्यें व नगारे यांचीं संचलन-पथकें आहेत. त्यांना ड्रम कोअर म्हणतात, आणि त्यांची राष्ट्रीय स्पर्धा १९७२ पासून भरते. पूर्वीं तेथें परीक्षक वादकांच्या रांगांतून हिंडत चुका मोजीत आणि दर चुकेला एक दशांश गुण कापीत. ही रीत दिसावयास निष्पक्ष. पण तिचा परिणाम असा कीं जो अवघड वाजवील त्याच्याच चुका अधिक निघणार, आणि जो सोपें वाजवील तो सुखरूप सुटणार. १९८४ पासून ही पद्धत सोडून देण्यांत आली. आज शंभरांपैकीं ४० गुण एकंदर परिणामाला, ३० दृश्य बाजूला आणि ३० संगीताला असतात. आणि काय वाजवावयास घेतलें व तें कसें साधलें, या दोहोंचा विचार वेगवेगळा होतो. तरीही तेथील रसिक भांडतातच. कोणी म्हणतात, परिणामाच्या नादीं लागून संगीताचे तुकडे पडले. कोणी म्हणतात, आजच्याइतकें कठीण काम पूर्वीं कोणी केलेंच नव्हतें. गुणांची पद्धत वाद मिटवीत नाहीं. ती फक्त वाद कोणत्या गोष्टीचा आहे हें स्पष्ट करते. आणि आपल्याकडील ढोलताशांच्या स्पर्धांना आज गरज आहे ती याच स्पष्टतेची.

पण इतक्या दूर जाण्याचें तरी कारण काय? ज्या गांवांत तो संवाद झाला त्याच गांवांत, वालधुनीच्या कांठीं, शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० चें, शिलाहारांच्या काळचें शिवालय उभें आहे. त्याच्या भिंतींवर हातभर जागा कोरीव कामावांचून सांपडणें कठीण. इतकें असून दुरून पाहणाराला प्रथम दिसते ती खालून वर चढत जाणारी रेषा. शिखर आज भग्न असलें तरी ती रेषा तुटत नाहीं. जवळ गेल्यावर मूर्ति दिसतात, आणखी जवळ गेल्यावर त्यांचे अलंकार. कारागिरानें कठीण काम टाळलें नाहीं. त्यानें तें रेषेच्या सेवेस लावलें. गाभाऱ्यांत जावयाचें तर पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेरची एवढी श्रीमंती पाहून आंत शिरणारा अंधारांत आणि शांततेंत उतरतो. पुष्कळ वाजवून मग थांबावें कसें, याचा याहून चांगला धडा आपल्या पथकांना कोठें मिळणार?

दुसरा धडा उल्हासनगरांत मिळतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी निर्वासितांचें हें गांव. १९४९ मध्यें त्याला आजचें नांव मिळालें. पाडव्याच्याच सुमारास सिंधी समाजाचा चेटीचंड येतो. त्या वेळीं ढोल आणि सनई यांच्या साथीवर माणसें फेर धरून छेज खेळतात. तेथील ठेका आपल्या ताशावाल्याला अगदीं सोपा वाटेल. पण तो ठेका ऐकविण्यासाठीं नाहींच. तो पाऊल उचलण्यासाठीं आहे, आणि पाऊल उचललें गेलें कीं तो यशस्वी झाला. म्हणजे वादन कोणासाठीं व कोठें, हें ठरविल्यावांचून तें सोपें कीं अवघड, हा प्रश्नच अपुरा राहतो.

हाच विचार मिरवणुकीस आणि स्पर्धेस लावून पाहावा. स्पर्धेंत श्रोता एका जागीं बसलेला असतो. त्याला आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही मिळतात. तेथें रचनेला चढउतार हवा, राखून ठेवलेला एखादा क्षण हवा. बदलापुरांत घराच्या गॅलरींत उभ्या असलेल्या आजींना मात्र पथक येतांना, समोर आणि जातांना असें दोनचार मिनिटेंच ऐकूं येतें. बारा मिनिटांची स्पर्धेची रचना जशीच्या तशी रस्त्यावर आणली तर एका चौकाला नुसती प्रस्तावना मिळते आणि दुसऱ्याला नुसता गोंगाट. रस्त्यासाठीं लहान, स्वयंपूर्ण आवर्तनें हवींत, दवाखान्यापाशीं हात आवरण्याची सोय हवी, आणि अरुंद गल्लींत आवाज भिंतींवरून परततो याचें भान हवें. हें भान ठेवणें हाही अवघडपणाच आहे. फक्त तो हातांत नसून विवेकांत असतो.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं अवघडपणा हा स्वतंत्र गुण नव्हे; तो ऐकणाराच्या कानाशीं पोहोंचला तर गुण, न पोहोंचला तर केवळ श्रम. उलट घडण हीही नुसत्या सुबकपणानें सिद्ध होत नाहीं. जिच्यांत पडण्याची भीति नाहीं तिच्यांत सांवरण्याचा आनंदही नाहीं. परीक्षकांनीं "काय" आणि "कसें" यांचे गुण वेगळे लिहावेत, आणि स्पर्धा संपल्यावर ते वादकांस समजावून सांगावेत. ढोलांच्या संख्येला गुण देऊं नयेत. आणि एखादें पथक विलंबित लयींत वाजवून एका क्षणीं एकत्र थांबलें, तर त्या शांततेला आपण प्रेक्षकांनीं दाद द्यावी.

त्या सकाळीं तो तरुण निघतांना म्हणाला, "काका, भाद्रपदांत सरावाला या एकदां, मग बोला." गृहस्थ हंसले आणि म्हणाले, "येईन. पण तुमचे हात बघायला नाहीं हं, ऐकायला येईन." दोघांनीं आपापला शब्द पाळावा, एवढीच आमची इच्छा आहे. ज्या कलेला असे दोन भांडणारे मिळाले, तिला टीकाकार यावयास फार काळ लागणार नाहीं.