दैनंदिन माध्यमवापराचा अभ्यास आणि स्मार्टफोन : एक चिकित्सा

माध्यमवापराच्या संशोधनात प्रश्नावली हे तथ्यसंकलनाचे प्रमुख साधन राहिले आहे. ‘आपण रोज किती वेळ दूरचित्रवाणी पाहता?’ या प्रश्नाचे उत्तर उत्तरदाता स्मरणाने, बहुधा अंदाजानेच देतो. यावर उपाय म्हणून रॉबर्ट क्यूबी व मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी शिकागो परिसरातील नोकरदारांना पेजर दिले. संकेत वाजताच आपण काय करीत आहोत व मनःस्थिती कशी आहे, हे त्यांनी तेथल्या तेथे लिहावयाचे होते. या अभ्यासावरील ग्रंथ 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. पेजरची जागा आता स्मार्टफोनने घेतली असून वापराची नोंद तो न विचारताच ठेवतो. साहजिकच आपल्याकडील लघुशोधप्रबंधांना ही नोंद आकर्षक वाटते.

परंतु ही नोंद उपकरणाची असते, व्यक्तीची नव्हे. वाशीम जिल्ह्यात हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. रिसोड वा मानोरा तालुक्यातील एखाद्या घरी एकाच फोनवर वडील सोयाबीनचे भाव पाहतात, मुलगी अभ्यासाची चित्रफीत लावते आणि सायंकाळी आई माहेरी बोलते. ही बेरीज कोणाच्या नावे मांडावी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरावयाचा मोबाइल आढळला. त्यातही प्रत्येक मोबाइल स्मार्टफोन नव्हे. म्हणजे नमुना निवडीपूर्वीच निम्म्याजवळ स्त्रिया अभ्यासाबाहेर राहतात. पारावर मोठ्याने वाचले जाणारे वर्तमानपत्र तर या नोंदीत येतच नाही.

‘बार्क’च्या पीपल मीटरमध्ये घरातील प्रत्येक सदस्यासाठी स्वतंत्र बटन असते. 2020 मधील मुंबईच्या टीआरपी प्रकरणानंतर त्या मोजणीवर शंका घेतल्या गेल्या, हे खरे. तथापि कोण पाहत आहे, हा प्रश्न तेथे निदान विचारला जातो.

संमतीचा मुद्दा याहून गंभीर आहे. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला. संमतीपत्रावर मात्र स्वाक्षरी एकट्या वडिलांची आणि नोंद सर्व घराची! अशा घरी मुलीची व आईची संमती वेगळी घेतली पाहिजे, तीही वडिलांसमोर नव्हे. स्वयंचलित नोंदीवर विसंबण्याऐवजी पेजरच्या मूळ पद्धतीकडे वळून, दिवसातून चार-पाच वेळा येणाऱ्या संकेताबरोबर पहिला प्रश्न ‘फोन आता कोणाच्या हाती आहे?’ हाच असावा.