कृमीच्या अंगातली दारू : चूक अंशात की छेदात?

सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हा मातीतला सूत्रकृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब असतो. अल्कोहोल मिसळलेल्या आगरवर सोडला की त्याची नागमोडी चाल मंदावते. २००३ साली 'सेल' या नियतकालिकात डेव्हिस, मॅकिन्टायर व सहकाऱ्यांनी दाखवले, की एसएलओ-१ जनुकात बिघाड असलेल्या कृमींवर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. काम मोलाचे आहे. पण त्यासोबतचे एक विधान तपासायला हवे : बाहेर अल्कोहोल बरेच जास्त असले, तरी कृमीच्या आत ते माणसाला नशा चढेल इतपतच असते.

अशा प्रयोगांत बाहेरचे प्रमाण लिटरला ४०० मिलिमोलच्या आसपास असते. माणसाच्या रक्तातले ०.०८ टक्के म्हणजे सुमारे १७ मिलिमोल. आतले प्रमाण काढण्यासाठी कृमी धुऊन फोडतात, विकराच्या साहाय्याने अल्कोहोल मोजतात आणि त्याला कृमींच्या आकारमानाने भागतात. खरी गोम इथेच आहे.

कृमीला दंडगोल मानू. व्यास ६० मायक्रॉन धरला तर आकारमान २.८ नॅनोलिटर, ७० धरला तर ३.८. दहा मायक्रॉनच्या फरकाने उत्तर तिसऱ्या हिश्श्याइतके बदलते! शिवाय तीव्र द्रावणात कृमीतले पाणी बाहेर जाऊन तो आक्रसतो, ते वेगळेच.

आता अंश पाहू. अंगाला ५ मायक्रॉन जाडीचा द्रावणाचा थर चिकटून राहिला, तर तो १ नॅनोलिटर भरतो. आतले प्रमाण २० मिलिमोल असेल, तर या थरातच आतल्या सातपट अल्कोहोल असेल. म्हणून धुवावे, तर अल्कोहोलचे लहान रेणू धुताना आतूनही निसटतात. न धुता आकडा फुगतो, धुतल्यावर घटतो.

मग मोजणी निरर्थक का? नाही. बिघाड असलेला कृमी अल्कोहोल कमी शोषतो म्हणून शुद्धीत राहतो की काय, ही शंका मोजल्याशिवाय फिटत नाही. दोन्ही प्रकारचे कृमी सारख्याच आकाराचे असतील आणि सारख्याच रीतीने धुतले, तर चूक दोन्हीकडे सारखी पडते व तुलना टिकते. माणसाशी केलेली बरोबरी मात्र त्याच विश्वासाने घेता येत नाही.

दंडगोलाचे सूत्र शिकवताना हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. कोणताही भागाकार समोर आला, की आधी छेद कसा मोजला हे विचारायची सवय मुलांना लागेल.