‘स्मृतिचित्रें’ आणि विश्वासाचा हिशेब

लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ आपणांस आवडलें नाहीं, असें म्हणणारा मराठी वाचक आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून त्यांतील उतारे मुलें वाचतात, घरांतील वडील मंडळी दुपारच्या वेळीं तें पुन्हां पुन्हां उघडतात, आणि इंग्रजींतही तें एकदां १९५० सालीं ई. जोझेफिन इंक्स्टर यांच्या हातून व पुन्हां २०१७ सालीं शांता गोखले यांच्या हातून गेलें आहे. इतकें एकमत ज्या पुस्तकाविषयीं असतें तें बहुधा नीट वाचलें जात नाहीं, असा आमचा अनुभव आहे. आमचे एक स्नेही त्यास मराठींतील उत्तम विनोदी पुस्तक म्हणतात. दुसरे एक गृहस्थ, ज्यांचा ख्रिस्ती मंडळींत बराच वावर आहे, ते त्यास प्रभूच्या कृपेची साक्ष म्हणतात. पहिल्यांनीं त्यांतला देव वगळला, दुसऱ्यांनीं त्यांतलें हंसूं. हीं दोन्ही एकाच ठिकाणीं उगम पावलेलीं आहेत, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

‘देव देईल’ हे दोन शब्द आपल्या घरांतून रोज उच्चारले जातात. दारीं आलेल्या भिकाऱ्यास रिकाम्या हातीं परत पाठवितांना आपण ते म्हणतों, आणि हातांत असलेली शेवटची चवली देऊन टाकणारा साधुपुरुषही तेच म्हणतो. पहिल्याची लबाडी उघड आहे. दुसऱ्याविषयीं मात्र आदर वाटून आपण तेथेंच थांबतों. त्या साधुपुरुषाच्या घरीं संध्याकाळीं चुलीपुढें कोण बसलें आहे, आणि त्या माणसाचा देवावरील विश्वास कोणत्या प्रकारचा असावा लागतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. चरित्रकार तर नाहींच नाहीं. ‘स्मृतिचित्रें’ हें त्या चुलीपुढल्या माणसानें लिहिलेलें पुस्तक आहे.

हकीकत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा. १८८० सालीं त्यांचें लग्न झालें तेव्हां वधू अकरा-बारा वर्षांची होती. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशाची गांठ पडली. त्यानें ‘नवा करार’ हातीं दिला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. बायकोला त्यांनीं आधीं विश्वासांत घेतलें नव्हतें. पुढें ताटातूट, पंढरपुरचा मुक्काम, वेड लागेल कीं काय अशी अवस्था, मग अहमदनगरास पुनः एकत्र राहणें, आणि १९०० सालीं लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा. टिळक १९१९ सालीं वारले. लक्ष्मीबाईंनीं नंतर लिहावयास घेतलेल्या या आठवणी १९३४ पासून भागाभागांनीं पुस्तकरूपानें बाहेर आल्या.

एवढ्या घटना हातीं असतां दुसऱ्या एखाद्या लेखिकेनें प्रारंभ बाप्तिस्म्याच्या वादळापासून केला असता. लक्ष्मीबाई प्रारंभ करतात तो वडिलांच्या सोंवळ्यापासून. १८५७ च्या धामधुमींत आईच्या वडिलांना फांशी झाली, त्या धक्क्यानें वडिलांच्या मनानें सोंवळ्याओंवळ्याचा असा कांहीं ध्यास घेतला कीं बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं. तें वाचतांना आपण पोट धरधरून हंसतों. परंतु हंसून झाल्यावर एक गोष्ट ध्यानांत येते. सोंवळें वडिलांचें, आणि पाणी ओढणारे, धुणारे, वाळविणारे, ओलेत्यानें कुडकुडणारे हात घरांतल्या बायकामुलांचे. पुरुषाचा धर्म आणि बाईचे कष्ट हें गणित पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर मांडलें गेलें आहे, आणि लेखिकेनें त्यावर एका शब्दाचेंही भाष्य केलेलें नाहीं.

यानंतर टिळक येतात. वडील आणि नवरा यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. वडिलांचा धर्म भीतीचा, कोणी शिवेल म्हणून अंग चोरणारा. टिळकांचा धर्म उदारपणाचा, कोणालाही उराशीं धरणारा. पण घरांतल्या बाईच्या दृष्टीनें पाहिलें तर दोन्ही धर्म अखेरीस तिच्याच अंगणांत येऊन उभे राहतात. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नाहीं. टिळक न सांगतां पाहुणा आणतात. टिळकांच्या मनांत एखादी गोष्ट आली कीं ते उठून चालूं लागतात, मग घरीं तांदूळ आहेत कीं नाहींत हा विचार मागाहून, आणि तोही दुसऱ्या कोणीं करावयाचा. हा स्वभाव बाप्तिस्म्यापूर्वींचा आहे आणि बाप्तिस्म्यानंतरही तोच आहे. धर्मांतरानें मनुष्य आमूलाग्र पालटतो असें प्रवचनांतून सांगितलें जातें. बायकोच्या नजरेला मात्र असें दिसतें कीं जुनाच मनुष्य आपला जुनाच स्वभाव एका नव्या धन्याच्या सेवेला घेऊन गेला आहे. धर्मांतराविषयीं यापेक्षां खरें निरीक्षण आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं.

टिळकांचा विश्वास अस्सल होता, यांत शंकेला जागा नाहीं. ढोंगी मनुष्य दुसऱ्याचें देतो आणि स्वतःचें राखतो. टिळकांनीं स्वतःचें म्हणून कांहींच राखलें नाहीं. अडचण एवढीच, कीं संसारी माणसाचें ‘स्वतःचें’ हें त्याच्या एकट्याचें नसतें. १९१७ सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारावयास निघाले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एका बंधुभावांत यावेत, परदेशी पैशाची आणि परदेशी रीतिरिवाजाची छाया त्यावर नसावी, भजनकीर्तनाच्या देशी वाटेनें ख्रिस्ताचें नांव लोकांपर्यंत जावें, ही त्यामागील कल्पना. ही कल्पना तेव्हां धाडसाची होती, आणि आजही ती शिळी झालेली नाहीं. जे. सी. विन्स्लो यांनीं १९२३ सालीं टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहिलें, त्यांत महाराष्ट्राचा ख्रिस्ती कवि ही त्यांची ओळख ठसठशीत उमटली आहे, आणि ती खोटी नाहीं. मात्र वेतन सोडणें हा शब्दप्रयोग चरित्रांत जितका सोपा दिसतो तितका तो दुकानदाराच्या वहीसमोर सोपा राहत नाहीं. त्या वहीची आठवण ठेवणारी व्यक्ति एकच होती.

तर मग ही बाई अश्रद्ध होती काय? तसें म्हणणें म्हणजे पुस्तकाचा शुद्ध विपर्यास होय. तिची श्रद्धा वेगळ्या ठिकाणीं बसलेली आहे, इतकेंच. आपल्याकडे जनाबाईच्या कथेंत पंढरीचा विठ्ठल दळावयास येऊन बसतो. कष्टकरी बाईनें देवाची कल्पना केली कीं तो जात्यापाशींच यावयाचा. लक्ष्मीबाई दुःखाच्या दिवसांत पंढरपुरास राहिल्या, पण त्यांच्या पुस्तकांत देव असा प्रत्यक्ष जात्याशीं कोठेंच दिसत नाहीं. दळण त्यांचें त्यांनाच संपवावें लागतें. संपल्यावर, कधीं बऱ्याच दिवसांनीं, त्यांच्या ध्यानांत येतें कीं आपण उपाशी मेलों नाहीं, मुलें वाढलीं, दारचा पाहुणा जेवून गेला. विश्वास म्हणावयाचा तो हा, मागे वळून पाहतांना गवसलेला. टिळकांचा विश्वास पुढें धांवणारा आहे, बाईंचा मागून येऊन हिशेब जुळविणारा. आणि हिशेब जुळला, कीं त्या हंसतात. त्यांचें हंसणें आम्हीं या अर्थानें घेतों. नवऱ्याच्या वेडेपणाला त्या हंसतात त्यांत कडवटपणाचा लवलेशही नाहीं, कारण जें बुडावयास पाहिजे होतें तें बुडालें नाहीं, हें त्यांना लिहितांना ठाऊक आहे. विनोद काढून घेतला तर उरेल ती केवळ तक्रार. देव काढून घेतला तर तो विनोद नुसती टवाळी होईल.

येथें पंडिता रमाबाईंची आठवण होणें साहजिक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों मुलीबायकांना आश्रय दिला आणि केडगांवीं ‘मुक्ति’ उभी केली, तीही देवावर भार टाकूनच. पण रमाबाई भार टाकतांना विहिरी खणवीत होत्या, शेती करवीत होत्या, छापखाना चालवीत होत्या. एकाच बाईच्या ठायीं टिळकांची झेप आणि लक्ष्मीबाईंचा हिशेब एकत्र नांदत होते. असें माणूस विरळा. टिळकांच्या घरीं हे दोन गुण दोन माणसांत वांटले गेले होते आणि म्हणून त्या घरीं भांडणें होत. रमाबाईंच्या लेखनांत भांडण नाहीं. तें गंभीर आहे, थोर आहे, आणि आमच्यासारख्या सामान्य वाचकास थोडें दूरचें वाटतें. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत शिरतांना जोडे बाहेर काढून ठेवावे लागतात, तेही देऊळ म्हणून नव्हे, तर स्वयंपाकघर म्हणून.

धर्मप्रसार या शब्दाचा अर्थही या पुस्तकांत हळूहळू पालटत जातो. टिळकांचा प्रसार अभंगांतून, कीर्तनांतून, ‘ज्ञानोदया’च्या मराठी स्तंभांतून झाला. लक्ष्मीबाई पहिल्यानें नगरास आल्या तेव्हां नवऱ्याजवळ राहूनही त्यांचें पाणी वेगळें, चूल वेगळी. मग एका रात्रीं जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळतांच कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. त्यांच्या बाबतींत नवा धर्म पहिल्यानें तोंडावाटे पोटांत गेला आणि मग मस्तकावर पाणी पडलें. पुढेंही त्यांचा प्रसार पंक्तींतूनच झाला. दुष्काळानें अनाथ केलेलीं मुलें त्या पंक्तींत बसलीं. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, या ख्रिस्ती घरांत घरच्या मुलासारखे राहिले, जेवले, रुसले, कविता करीत बसले; आणि १९१८ सालीं अकालीं गेले तोंवर हिंदूच राहिले. बाईंनीं त्यांना ख्रिस्ती करण्याचा हिशेब कोठें मांडलेला नाहीं. मिशनच्या वार्षिक अहवालांत या जेवणांचा आंकडा कोणत्या रकान्यांत घातला असता, हें सांगणें कठीण आहे.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. सन-तारखांची बाईंना फारशी पर्वा नाहीं. प्रसंग आठवेल तसा येतो. बाप्तिस्म्यापूर्वींच्या त्या रात्रीच्या विचाराखेरीज मनाच्या आंतल्या घडामोडींविषयीं त्या फार थोडें बोलतात. ख्रिस्ताविषयीं त्यांना नेमकें काय वाटत होतें, प्रार्थनेंत त्या काय मागत, याचा शोध घेणारा वाचक रिकाम्या हातीं परततो. हा संकोच त्या पिढीच्या बायकांचा म्हणून सोडून द्यावा, असें कित्येकांचें मत आहे. आम्हांस तें पटत नाहीं. वडिलांचें वेड, सासऱ्यांचा संताप, नवऱ्याची हट्टी उदारता हें सर्व उघड्यावर मांडणाऱ्या बाईला देवाविषयींच तेवढा संकोच कां वाटावा? आणखी एक दोष, जो आम्हांस अधिक खटकतो. टिळकांना त्या फार लवकर क्षमा करतात. न सांगतां धर्म बदलून बायकोला वर्षानुवर्षें जिवंत वैधव्यांत टाकणें, हा साधा विसराळूपणा नव्हे. त्या प्रकरणांतील दुःख त्यांनीं लिहिलें आहे, आणि तें वाचतांना आजही घसा दाटतो. पण त्या दुःखाचें माप टिळकांच्या पदरीं घालण्याची वेळ आली कीं लेखणी चटकन् वळते आणि कांहींतरी गमतीचें सांगूं लागते. येथें विनोदानें विश्वासाचें काम केलेलें नाहीं. त्यानें फक्त पडदा टाकला आहे. वर आम्हीं त्यांच्या हंसण्याची जी बाजू घेतली ती या पानांना लागू पडत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

अखेरच्या भागाचा घाट ढिला पडला आहे. टिळकांच्या मागें मुंबई, कराची असा प्रवास, नव्या नोकरीची नवी माणसें, वाढतें वय. पुस्तकाचा मुख्य पुरुष निघून गेल्यावर भांडावयास कोणी उरलें नाहीं, हें वाचकाला पानोपानीं जाणवतें. १९३६ सालीं तो भाग पुरा होण्यापूर्वींच लक्ष्मीबाई निवर्तल्या, आणि उरलेलें काम चिरंजीव देवदत्त यांच्याकडे आलें. टिळकांनींही ‘ख्रिस्तायन’ हें काव्य असेंच अर्ध्यावर, खरें म्हणजे पुष्कळ अलीकडेच, सोडलें होतें. थोडे अध्याय लिहून ते गेले. बाकीचे, संख्येनें कितीतरी अधिक, त्यांच्या बायकोनें लिहून काढले. जिला लग्नाच्या वेळीं धड अक्षरओळखही नव्हती तिनें. त्या काव्याची आणि या गद्याची तुलना अद्यापि कोणीं केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. ‘स्मृतिचित्रां’त देवाविषयीं जें बोललें गेलें नाहीं, तें कदाचित् तेथें सांपडेल.