‘लुटणे’ : एका क्रियापदाची दोन कर्मे

बळाने हिरावून घेण्याच्या क्रियेस मराठीत शब्द पुष्कळ आहेत. पण ते परस्परांचे पर्याय नव्हेत. ‘लुबाडणे’ ह्यात कपट आहे. ‘नागवणे’ ह्यात उघड्या पडलेल्या माणसाचा देह दिसतो. ‘मुलूख मारणे’ ह्यात पराक्रमाचा डौल आहे. संस्कृत ‘लुण्ठ्’ धातूशी नाते सांगणारे ‘लुटणे’ ह्या सर्वांहून व्यापक, आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. ते दोन प्रकारचे कर्म घेते : दागिने लुटले जातात, तसा वाटसरूही लुटला जातो. ‘नागवणे’ माणसालाच लागते. दागिने नागवता येत नाहीत. शिवाय दसऱ्यास सोने लुटले जाते, सुट्टीत मौज लुटली जाते, आणि ‘लुटविणे’ ह्या प्रयोजक रूपास तर औदार्याचा अर्थ चिकटला आहे. शब्दातील हिंसा अशा रीतीने सणाच्या अंगणात विसरली जाते.

ही विस्मृती ऐतिहासिक लेखनाच्या सोयीची ठरते. ‘शहर लुटले’ असे म्हणताच रहिवासी वाक्याबाहेर राहतात. ‘लूट आणली’ म्हणताच कृतीही नाहीशी होऊन केवळ ओझी उरतात.

रायपूरच्या तेलीबांधा भागातील मराठी भाषकास ‘लुटणे’ आणि ‘लूटना’ शेजारी शेजारी ऐकू येतात. हा छत्तीसगड 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या भास्करराम कोल्हटकरांनी अंकित केला. 1742 मध्ये त्यांच्याच फौजा बंगालवर गेल्या. ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. मराठीत हा निव्वळ दर्जा सांगणारा शब्द. बंगालीत तोच ‘बर्गी’ होऊन अंगाईगीतात भयाचे नाव बनला. गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे अठराव्या शतकातील बंगाली काव्य त्या स्वाऱ्या लुटल्या गेलेल्यांच्या बाजूने पाहते. एकाच घटनेस एका भाषेत मोहीम म्हणतात, दुसरीत आकांत.

ह्यावरून मराठी लेखकाने पूर्वजांचा न्यायनिवाडा करावा, असे नव्हे. क्रियापद टाकावे, असेही नव्हे. समीक्षेने एवढेच विचारावे की, लेखकाने त्यास कोणते कर्म दिले आहे. शत्रूने माणसे लुटली आणि आपण शहरे लुटली, असा भेद ज्या गद्यात सहज उतरतो, तेथे दोष शब्दाचा नसून दृष्टीचा असतो; आणि तो व्याकरणातच प्रथम उघडा पडतो.