नावं ठेवणे

मराठीत बाळाचं नाव आत्या ठेवते आणि सुनेला नावं सासू ठेवते. दोन्ही खाती वेगळी, आणि दोघींचं एकमेकींशी फारसं बोलणं नसतं. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीचा पाया घातला, तेव्हा ही व्यवस्था त्यांना कुणी सांगितली कोण जाणे!

इथली आत्या म्हणजे फाइलींची नोंद ठेवणारं कर्नेल. भारी हौशी! तिरकी रेघ आणि शून्य-बाइट सोडून नावात काहीही घाला म्हणते. मोकळी जागा, तारा, प्रश्नचिन्ह, फार काय, नावाच्या मध्येच नवी ओळ!

सासू म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा वाचणारं शेल. तिच्या लेखी मोकळी जागा दिसली की शब्द संपला. 'वार्षिक हिशेब' ही फाइल पुसायला सांगा, 'वार्षिक' आणि 'हिशेब' अशा दोन फाइली पुसायचा हुकूम सुटतो आणि 'अशी फाइलच नाही' म्हणून ओरडा आपल्यालाच. ओरडा झाला तर नशीब! 'हिशेब' नावाची दुसरी फाइल खरोखरच असली, तर ती बिचारी मुकाट्याने जाते. चेकवर नाव आणि आडनाव यांत जागा सुटली म्हणून दोन खात्यांतून पैसे वजा करणारा कारकून आमच्या बँकेत दुपारच्या चहापर्यंत टिकणार नाही.

तारा म्हणजे 'झाडून सगळ्या'. नाव आडव्या रेघेने सुरू झालं, तर ते नाव नव्हेच, नवी सूचना!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? २००१ साली अ‍ॅपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरमध्ये अवतरणचिन्हं घालायची राहून गेली. डिस्कच्या नावात मोकळी जागा होती अशा काही गिऱ्हाइकांची डिस्कच साफ झाली. बसले होते गाणी ऐकायला! अ‍ॅपलने सुधारलेली आवृत्ती काढली, पण पुसलेलं थोडंच परत येतं?

जाणकार सांगतात, नाव अवतरणचिन्हांत घाला, आडव्या रेघेआधी टिंब आणि तिरकी रेघ द्या. उपाय उत्तम, पण सगळे सुनेने करायचे! विंडोज निदान तारा आणि प्रश्नचिन्ह दारातच अडवते. युनिक्सच्या घराण्याला हे सुचायला वेळ लागला. नावात नवी ओळ येत असेल तर ती नाकारावी, असं उत्तेजन पॉझिक्स या मानकाने दिलं ते २०२४ साली. म्हणजे ५५ वर्षांनी, आणि तेही उत्तेजनच, सक्ती नव्हे.

नियम कडक असला तरी माणूस पाळतो, सैल असला तर खुशीत राहतो. पण एका खिडकीवर मंजूर आणि दुसऱ्या खिडकीवर गुन्हा, याला नियम म्हणत नाहीत. आत्या आणि सासू यांनी एकदा समोरासमोर बसून काय ते ठरवावं. तोपर्यंत बाळाचं नाव सुटसुटीत ठेवा, आणि नावं ठेवायचीच असली तर युनिक्सला ठेवा.